सुरक्षा परिषदेतल्या भारताच्या जागेचं गणित आफ्रिकेपाशी का अडतं?

साखर कारखान्याचे पोटनियम बदलायचे तर काय करावं लागतं, हे कोपरगावच्या सभासदाला वेगळं सांगावं लागत नाही. सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश मतं लागतात. ती मिळाली तरी निबंधकांची मंजुरी बाकी राहते.

संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद वाढवण्याचा रस्ता जवळपास असाच आहे. सनदेच्या कलम १०८ नुसार आमसभेतल्या १९३ पैकी किमान १२९ देशांनी दुरुस्ती मान्य करावी लागते. मग तितक्याच देशांनी आपापल्या घटनात्मक पद्धतीने तिला मंजुरी द्यायची. त्यात अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स हे पाचही हवेत. म्हणजे इथे निबंधक पाच आहेत, आणि तेच कायमचे संचालकही आहेत!

भारताची कायमस्वरूपी जागेची मागणी जुनी आहे. तिला पाठिंबा देणाऱ्या देशांची यादीही लांब आहे. मग घोडं अडतं कुठे? उत्तरासाठी साधी वजाबाकी करून पाहा.

५४ मतांचा गठ्ठा

आफ्रिकेतले ५४ देश संयुक्त राष्ट्रांचे सदस्य आहेत. ते बाजूला काढले की उरतात १३९. पाकिस्तान, इटली, दक्षिण कोरिया, मेक्सिको असे सुमारे डझनभर देश नव्या कायम सदस्यांच्या कल्पनेलाच विरोध करतात. तेही वजा करा. राहिले १२७. हवेत १२९. उरलेलं अख्खं जग भारताच्या बाजूने उभं राहिलं तरी आफ्रिकेशिवाय आकडा पूर्ण होत नाही.

हे २००५ मध्ये अनुभवायलाही मिळालं. भारत, जपान, जर्मनी आणि ब्राझील या 'जी-४' देशांनी परिषद १५ वरून २५ सदस्यांची करण्याचा मसुदा आणला. त्यात सहा नव्या कायम जागा होत्या, दोन आफ्रिकेसाठी. नकाराधिकाराचा प्रश्न १५ वर्षांनंतरच्या फेरआढाव्यापर्यंत बाजूला ठेवायची या देशांची तयारी होती. आफ्रिकन युनियनचा मसुदा २६ सदस्यांचा होता आणि त्यात नकाराधिकार लगेच हवा होता. फरक एका जागेचा आणि एका अधिकाराचा. नायजेरियाचे तत्कालीन अध्यक्ष ओलुसेगुन ओबासान्जो यांनी तडजोडीसाठी आग्रह धरला. पण ४ ऑगस्ट २००५ रोजी अदिस अबाबाच्या विशेष शिखर बैठकीत आफ्रिकन देशांनी ती नाकारली. जी-४ चा मसुदा मतदानापर्यंत पोहोचलाच नाही.

नकाराधिकाराचा हट्ट कशासाठी?

भारतातल्या चर्चेत याला अनेकदा आफ्रिकेचा आडमुठेपणा म्हटलं जातं. ते अन्यायाचं आहे. आफ्रिकेची भूमिका मार्च २००५ च्या 'एझुलविनी सहमती'त स्पष्ट आहे. नकाराधिकार मुळात नसावाच. पण तो आहे तोवर सगळ्या कायम सदस्यांना सारखाच हवा. शिवाय आफ्रिकेच्या जागांवर कोण बसणार, हे आफ्रिकन युनियन ठरवेल.

यामागे इतिहास आहे. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची स्थापना झाली तेव्हा आफ्रिकेतले फक्त चार देश सदस्य होते. बाकी खंडाचा बहुतेक भाग युरोपच्या ताब्यात होता. १९६० या एकाच वर्षात १६ आफ्रिकन देश आत आले. मग आशिया आणि आफ्रिकेने मिळून दबाव आणला आणि डिसेंबर १९६३ मध्ये परिषद ११ वरून १५ करण्याचा ठराव मंजूर झाला. फ्रान्स आणि सोव्हिएत युनियनने विरोधात मत दिलं, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले. तरीही ऑगस्ट १९६५ पर्यंत सगळ्यांनी दुरुस्तीला मंजुरी दिली. परिषदेचा आजवरचा हा एकमेव विस्तार. तोही फक्त तात्पुरत्या जागांचा.

आज परिषदेसमोरच्या विषयांत आफ्रिकेचा वाटा मोठा आहे. काँगो, दक्षिण सुदान, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक इथल्या शांतिसेना तिच्याच ठरावांवर चालतात. पहिल्या दोन ठिकाणी भारतीय जवान मोठ्या संख्येने आहेत. त्यांना कोणतं काम द्यायचं, हे ठरवताना भारताचं कायमचं मत नसतं. आफ्रिकेची तक्रार याहून मोठी आहे: ज्यांच्या घरातले निर्णय होतात, त्यांचंही नसतं.

अर्थात आफ्रिकेची एकी वाटते तितकी घट्ट नाही. दोन जागांवर नायजेरिया, दक्षिण आफ्रिका की इजिप्त, हे खुलेपणाने कुणी बोलत नाही. जून २०२० मध्ये भारत १८४ मतांनी तात्पुरता सदस्य झाला. त्याच निवडणुकीत आफ्रिकन युनियनने केनियाचं नाव ठरवलं असूनही जिबुती रिंगणात उतरला आणि केनियाला दुसऱ्या फेरीपर्यंत थांबावं लागलं. एका तात्पुरत्या जागेसाठी ही स्थिती!

भारताची धावपळ आणि नवी अडचण

आफ्रिकेशी भारताचं नातं मतांच्या हिशोबाआधीचं आहे. औंध संस्थानचे अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये नैरोबीला भारताचे आयुक्त म्हणून गेले. केनियाच्या स्वातंत्र्य चळवळीशी त्यांची इतकी जवळीक झाली की ब्रिटिशांनी त्यांना हलवण्याचा आग्रह धरला. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताच्या अध्यक्षपदाखाली आफ्रिकन युनियनला जी-२० चं सदस्यत्व मिळालं, त्याला ही पार्श्वभूमी आहे. पण २०१५ च्या दिल्लीतल्या भारत-आफ्रिका परिषदेनंतर पुढची परिषद वर्षानुवर्षं लांबली, हेही आफ्रिकन राजधान्यांत लक्षात राहतं.

खरी अडचण वेगळीच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने आफ्रिकेला दोन कायम जागा देण्यास पाठिंबा जाहीर केला, मात्र नकाराधिकाराशिवाय. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या 'भविष्यासाठीच्या करारा'त आफ्रिकेवरचा ऐतिहासिक अन्याय आधी दूर करण्याचं मान्य झालं. आफ्रिकेने हा प्रस्ताव नाकारला तर सगळंच अडकून राहतं. स्वीकारला आणि तिचा प्रश्न स्वतंत्रपणे सुटला, तर त्या ५४ मतांना भारतासाठी थांबण्याचं कारण उरत नाही. १९६५ नंतर दुसरा विस्तार साठ वर्षांतही झालेला नाही. तिसरा कधी होईल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.