पेठ की हद्दवाढ? आधी तिथे कोण बसून जेवतं ते बघा

सोलापुरात घर घ्यायचा विषय निघाला की आमच्या मित्रांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पेठ सोडू नका. विजापूर वेशीतली शिक, दालचा-खाना, रात्री उशिरापर्यंत मिळणारा चहा, चार पावलांवर मशीद आणि हाकेच्या अंतरावर नातेवाईक, हे सगळं जुळे सोलापुरात कुठून आणणार? दुसरा तट म्हणतो, गल्लीत गाडी लावायला जागा नाही, मुलांना खेळायला मैदान नाही. होटगी रोडला, विजापूर रोडला रस्ते रुंद आहेत, कॅफे आहेत, बायको-मुलांना घेऊन निवांत बसता येतं. पाणी मात्र दोन्हीकडे काही दिवसांआडच येतं, त्यामुळे त्यावर वाद होत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पुण्यातल्या कंपनीचं काम सोलापुरातून करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याही घरात आहे. पण या वादात आपण चुकीची गोष्ट मोजतो असं मला वाटतं. कुठे काय खायला मिळतं हे आपण मोजतो. कुठे कोण बसून खाऊ शकतं, हे मोजायला हवं.

आधी पेठेकडे बघू. जुनं सोलापूर गिरण्यांवर वाढलं. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून पुढे अनेक दशकं इथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी माणसं कामाला आली आणि एकमेकांना लागून राहिली. म्हणून या शहराच्या ताटात कडक भाकरी, शेंगा चटणी, सावजी मटण, हुग्गी, बिर्याणी आणि शिक एकत्र नांदतात. शिकच्या दुकानातल्या बाकड्यावर आजही पद्मशाली, लिंगायत, मराठा, दलित, मुसलमान असे सगळे खांद्याला खांदा लावून बसतात. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची नावं आठवा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ही चार नावं एकाच शहरातून यावीत यात आश्चर्य नाही. त्या शहराचं रोजचं जगणंच तसं मिसळलेलं होतं.

पण त्या बाकड्यावर एक माणूस कधीच दिसत नाही, ती म्हणजे बाई. आपल्या आई, बहिणी, बायका याच दुकानांतलं खातात, पण पार्सल आणून. रिक्षात बसून थांबतात, भाऊ किंवा नवरा पुडकं घेऊन येतो. काही ठिकाणी मागे पडदा लावलेली 'फॅमिली रूम' असते. तिथे पंखा नीट चालत नाही आणि वेटर हाक मारल्याशिवाय येत नाही. एकटी मुलगी कॉलेज सुटल्यावर तिथे जाऊन कबाब खाईल, ही कल्पनाच कुणी करत नाही. "आपल्या बायकांना बाहेर बसून खायला आवडत नाही," असं आपण म्हणतो. मग रमजानमध्ये विजापूर वेशीत मीना बाजार भरतो, तेव्हा काय होतं? बांगड्या, कपडे, सुकामेवा घ्यायला रात्री उशिरापर्यंत बायकांचीच गर्दी असते आणि त्यात सगळ्या धर्मांच्या बायका असतात. रस्ता तोच, दुकानं तीच. ईद झाली की तो रस्ता पुन्हा पुरुषांचा होतो. म्हणजे अडचण आवडीची नाही, सवयीची आहे. ती सवय आपण पुरुषांनी सांभाळून ठेवली आहे.

माझ्या ओळखीतल्या अनेक तरुण जोडप्यांनी पेठ सोडली, तेव्हा पुरुषांनी कारण सांगितलं पार्किंगचं. बायकांशी बोललं तर वेगळं ऐकू येतं. आसरा चौकापलीकडे एखाद्या कॅफेत दोन मैत्रिणी तासभर बसल्या तर कुणी वळून बघत नाही. त्यासाठी त्या पाच किलोमीटर लांब जायला तयार असतात. याला चंगळ म्हणून हिणवणाऱ्यांनी एक दिवस स्वतः रिक्षात बसून पार्सलची वाट बघावी.

आता हद्दवाढ भागाकडे बघू. 1992 मध्ये महापालिकेची हद्द वाढली. मजरेवाडी, कुमठे, शेळगी, बाळे, केगाव, देगाव अशी भोवतालची गावं शहरात आली आणि शहर सुमारे 178 चौरस किलोमीटरचं झालं. एवढ्या मोकळ्या जागेत नवं, मिसळलेलं शहर उभं करायची संधी होती. प्रत्यक्षात नवी वस्ती चाळणीतून गाळून निघाली. मुसलमान बहुतेक करून नई जिंदगीकडे गेले, बाकीचे जुळे सोलापूरकडे. ही चाळणी स्वयंपाकघराची आहे.

मी दोन वर्षांपूर्वी घर शोधत होतो. पगाराची चिठ्ठी बघायच्या आधी एजंटने विचारलं, "खाणं कसं आहे तुमचं?" मी विचारलं, अंडी चालतील का? तो हसला आणि म्हणाला, "सर, तुम्ही समजून घ्या." हा प्रश्न खाण्याचा नसतो हे दोघांनाही माहीत असतं. सोलापुरातली कितीतरी हिंदू घरं चवीने मटण खातात आणि त्याच इमारतींत राहतात. 'प्युअर व्हेज' हा धर्म आणि जात विचारायचा सभ्य मार्ग झाला आहे. माझ्या दलित सहकाऱ्यांनाही याच वाक्याने वाटेला लावलं जातं.

हा प्रश्न आता ताटापुरता राहिलेला नाही. मार्च 2024 मध्ये झोमॅटोने शाकाहारी ग्राहकांसाठी वेगळा ताफा आणि हिरवा पोशाख जाहीर केला. उद्या सोसायट्या लाल शर्टवाल्याला फाटकातच अडवतील आणि भाडेकरूलाही त्रास होईल, असा आक्षेप लोकांनी घेतला. कंपनीने दुसऱ्याच दिवशी हिरवा पोशाख मागे घेतला. घरी काय मागवलं हे फाटकावर कळलं तर घरच जाऊ शकतं, ही भीती किती खरी आहे हे त्या एका दिवसात दिसलं.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या कलम 15(2) नुसार धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणालाही दुकान, उपाहारगृह, हॉटेल इथे जाण्यापासून अडवता येत नाही. यात 'लिंग' हा शब्दही आहे, हे पेठेतल्या आपल्या दुकानदारांनी लक्षात ठेवावं. घराबाबत मात्र एवढं स्पष्ट संरक्षण नाही. अहमदाबादमधल्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. तो बदलायचा तर काम कायदेमंडळाचं आहे. म्हणजे आज मला कोणत्याही हॉटेलात बसून जेवायचा हक्क आहे, पण त्या हॉटेलशेजारी राहायचा हक्क एजंटच्या मर्जीवर आहे.

गाळणीशिवाय वस्ती उभी राहतच नाही का? राहते, आणि त्याचं उदाहरण आपल्याच शहराच्या वेशीवर आहे. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी कॉ. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने 10 हजार घरांची सहकारी वसाहत झाली. नंतर तिथेच असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला आणि 19 जानेवारी 2024 रोजी त्यातल्या 15 हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. तिथे घर मिळायची अट काम ही होती, खाणं नव्हे. त्या वसाहतीत सोयींच्या तक्रारी आहेत, शहरापासूनचं अंतरही आहे. पण एका भिंतीच्या अल्याड-पल्याड वेगवेगळी भाषा आणि वेगवेगळी फोडणी असू शकते, हे विडी वळणाऱ्या बायकांनी दाखवून दिलं. लाखांत पगार घेणाऱ्या आपल्याला ते जमत नाही.

मग करायचं काय? पहिलं काम आपल्या हातातलं आहे. पेठेत हॉटेल चालवणारा तुमचा मामा, चाचा, दोस्त असेल तर त्याला सांगा, पडदा काढ, पुढच्या दोन टेबलांवर बायकांना बसू दे. आणि नुसतं सांगू नका, बायकोला, बहिणीला घेऊन तिथे जाऊन बसा. दुसरं, एजंटने खाणं विचारलं तर गुपचूप दुसरं घर बघायला जाऊ नका. सोसायटीला लेखी विचारा की असा पोटनियम आहे का. बहुतेक वेळा तो कागदावर नसतोच, नुसता तोंडी असतो. तिसरं, घरभाड्यात आणि विक्रीत धर्म, जात बघायला बंदी घालणाऱ्या कायद्याची मागणी आपण एकट्याने करू नये. दलित, भटके, एकट्या राहणाऱ्या बायका, सगळ्यांनाच हा जाच आहे. आणि चौथं, नई जिंदगीतलं घर विकताना 'अपनेवालेच पाहिजेत' म्हणणारे आपल्यातही आहेत. तेव्हा आपणही तीच चाळणी हातात घेतो.

पेठ की हद्दवाढ, हे ज्याने त्याने ठरवावं. मी अजून पेठेतच आहे, उद्या कदाचित जाईनही. पण पेठेत माझ्या बायकोला बाकड्यावर जागा नसेल आणि हद्दवाढ भागात आम्हा दोघांनाही घर नसेल, तर या शहरात चांगलं खायला मिळतं, एवढ्यावर समाधान मानायला मी तयार नाही.