गोळीने कातडी काळवंडते, हे आधी सांगा!

कुष्ठरोग म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ही भाकडकथा आपल्या समाजाने केव्हाच फेकून दिली आहे. तो जंतूमुळे होतो आणि गोळ्यांनी बरा होतो. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्यापूर्वी रुग्ण एकट्या डॅप्सोनवर वर्षानुवर्षे काढत. आज चट्टे कमी असतील तर ६ महिने, जास्त असतील तर १२ महिने गोळ्या पुरतात. सरकारी दवाखान्यात त्या मोफत आहेत. गोळ्या सुरू झाल्यावर लवकरच रुग्णापासून कोणाला लागणही होत नाही.

मग गोळ्या मध्येच का सोडल्या जातात? एक मोठे कारण क्लोफाझिमिन. या औषधाने कातडी तांबूस-काळी पडते, कोरडी होते. हिमायतनगरच्या एखाद्या वस्तीतील शेतमजूर बाईचा चेहरा दोन-तीन महिन्यांत काळवंडला, की घरचे म्हणणार, "औषधानं रोग वाढला." गोऱ्या कातडीला मान देणाऱ्या या समाजात तिने पाकीट फेकून दिले तर दोष तिचा कसा? औषध संपल्यावर हा रंग हळूहळू उतरतो, हे तिला कोणी सांगितले होते काय?

रिफाम्पिसिनने लघवी लाल होते. त्यात धोका नाही. डॅप्सोनने मात्र रक्त कमी होऊ शकते. पहिल्या काही आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ किंवा कावीळ दिसली तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. नसा दुखू लागल्या, हातापायांतील बळ गेले, तर स्टिरॉइड द्यावे लागते. ते साखर वाढवते, पण आपल्या मनाने एकदम बंद करणेही घातक.

हे सांगणे म्हणजे डॉक्टरांची मेहेरबानी नव्हे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले, की उपचाराची व त्यातील महत्त्वाच्या धोक्यांची पुरेशी माहिती रुग्णाला दिल्याशिवाय त्याची संमती खरी ठरत नाही. आणि कायदा तरी किती स्वच्छ होता? आम्हा बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. चट्टा लपवण्याची सवय अशी लागते.

पाकीट २८ दिवसांचे असते. पहिल्याच पाकिटासोबत हे सारे सोप्या मराठीत छापलेला कागद द्यावा आणि निरक्षर रुग्णाला आशाताईंनी तो वाचून दाखवावा. कार्यकर्त्यांनी हे निवेदन घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावे आणि त्याची पोच घ्यायला विसरू नये.