भेसळ आधी कोणी सांगायची?

जालन्याची मस्तगड ही गढी १७२५ सालची. निजाम आसफजाहच्या आज्ञेवरून काबिलखानाने ती बांधली. आता आजूबाजूची वस्तीही याच नावाने ओळखली जाते. तट, दरवाजा आणि पहारा एवढे असले की आतला माल सुरक्षित, ही त्या काळची कल्पना. गेल्या साठ वर्षांत ज्या व्यवसायाने जालन्याचे नाव देशभर पोहोचवले, त्या बियाण्याच्या व्यवसायाला मात्र तट बांधून भागत नाही. तेथे नुकसान करणारी गोष्ट वाऱ्यावरून येते आणि बहुधा कोणाच्या नजरेसही पडत नाही.

या व्यवसायाचा पाया घालणारे बद्रीनारायण बारवाले तरुणपणी हैदराबाद मुक्तिसंग्रामात होते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेल्या ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या बियाण्यापासून त्यांनी सुरुवात केली. १९६४ मध्ये त्यांनी महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजेच ‘महिको’, स्थापन केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यांचे कर्तृत्व सांगताना बहुतेकदा वाणांची आणि पुरस्कारांची यादी दिली जाते. पण व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांनी निवडलेला धंदाच विलक्षण अवघड होता. कारखाना एका आवारात असतो, पण बियाण्याचा कारखाना शेकडो शेतकऱ्यांच्या शेतांत विखुरलेला असतो. तेथे काम करणारे बहुसंख्य लोक कंपनीच्या हजेरीपटावर नसतात.

संकरित ज्वारीचे उदाहरण घेऊ. मादी वाणाच्या चार ओळी आणि नर वाणाच्या दोन ओळी, अशी पेरणी होते. प्रमाणित बियाण्यासाठी त्या शेताभोवती २०० मीटरच्या आत दुसरी ज्वारी फुलोऱ्यावर असता कामा नये. कागदावर हा नियम एका ओळीचा आहे. मराठवाड्यातील तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीत मात्र २०० मीटर म्हणजे अनेक शेजारी. बीजोत्पादकाला चढा भाव मिळणार, पण शेजाऱ्याला काय मिळणार? त्याने आपल्या घरच्या भाकरीची ज्वारी कोणासाठी सोडायची? म्हणून हे काम एका शेतकऱ्याशी करार करून पुरे होत नाही, सगळे गाव बरोबर घ्यावे लागते. ‘बीजग्राम’ ही कल्पना याच अडचणीतून पुढे आली. संघभावना हा शब्द आजकाल सभागृहांत फार स्वस्त झाला आहे. ज्याचा थेट लाभ नाही अशा शेजाऱ्याची संमती मिळवणे ही तिची खरी परीक्षा.

संकरित कापसाचे काम तर त्याहून नाजूक. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर ओळखायची, तिच्यातील पुंकेसर अलगद काढायचे आणि खूण करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलातील पराग तिच्यावर लावायचा. हे सारे हाताने, एकेका फुलावर, आठवडेच्या आठवडे. एखादी कळी राहून गेली तर ती स्वतःच्याच परागाने फळते. तिचे बोंड वरून तसेच दिसते, तिची सरकीही तशीच असते. ती चूक कळते फार उशिरा, नमुन्याचे बी पेरून, झाडे वाढवून पाहिल्यावर. ती चाचणीही हुकली, तर शेवटी कळते ते त्या शेतकऱ्याला, ज्याने उसनवारी करून पिशवी विकत घेतली आणि ज्याचा हंगाम परत येणार नाही.

ज्या कामातील चूक त्याच क्षणी दिसत नाही, त्या कामावर मुकादम कितीही कडक ठेवा, तो प्रत्येक कळीजवळ उभा राहू शकत नाही. अशा वेळी संस्थेची सारी पत एका माणसावर येऊन ठेपते, ज्याला चूक आधी दिसली त्याच्यावर. समजा, एका संध्याकाळी दोन ओळींतील कळ्या राहून गेल्या. सकाळी फुले उमललेली पाहून कामावरच्या बाईच्या ते ध्यानात आले. तिने त्याच वेळी सांगितले तर ती फुले तोडून टाकता येतात आणि नुकसान ओंजळभर सरकीचे होते. ती गप्प राहिली तर पुढे सगळा प्लॉट नापास होऊ शकतो. पण सांगितल्याबद्दल तिची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार असेल, तर पुढच्या वेळी तिने का सांगावे? शेतकऱ्यालाही भाव पास झालेल्या मालाच्या वजनावर मिळतो. शंकास्पद झाडे उपटणे म्हणजे त्याच्या दृष्टीने स्वतःच्या हाताने वजन कमी करणे. प्रामाणिकपणाची अपेक्षा करायची आणि हिशोब मात्र असा ठेवायचा की प्रामाणिक माणूसच तोट्यात जावा, हा बऱ्याच मालकांचा नित्याचा व्यवहार आहे. त्याला ते शिस्त म्हणतात.

बीजोत्पादनात भेसळीचा वेगही लक्षात घ्यावा लागतो. पैदासकाराच्या बियाण्यापासून पायाभूत बियाणे होते, त्याची खूणचिठ्ठी पांढरी. त्यापासून प्रमाणित बियाणे होते, त्याची निळी. पायाभूत टप्प्यावर राहिलेला दोष पुढच्या टप्प्यावर अनेक पटींनी पसरतो. त्यामुळे वरच्या टप्प्यावरील माणसाने दडवलेली चूक खालच्या शेकडो लोकांना भोगावी लागते. पेढीवर किंवा कार्यालयात याहून वेगळे घडत नाही. मालकाने आकडा थोडा फुगवलेला मुलाने पाहिला, मुलाचे वागणे मुनीमजींनी पाहिले आणि मुनीमजींचे नव्या पोऱ्याने पाहिले, की दोन पिढ्यांत काय पिकते हे जालन्याच्या बाजारपेठेला वेगळे सांगण्याची गरज नाही.

बँकांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवण्याचा प्रयत्न केला आहे. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. एकाने केलेली नोंद दुसरा तपासतो. संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, किमान १० कामकाजाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. प्रथमदर्शनी हा नियम अविश्वासाचा वाटतो. प्रत्यक्षात तो प्रामाणिक माणसाचे रक्षण करतो. आपल्या घरच्या व्यवसायांत ‘आमच्या मुनीमजींनी वीस वर्षांत एक दिवस सुट्टी घेतली नाही’ हे अभिमानाने सांगितले जाते. यात कौतुकासारखे काही नाही. एकच माणूस सर्व जाणतो, दुसऱ्या कोणाला काही ठाऊक नाही, आणि त्याच्याकडून चूक झाली तर ती सांगायला त्याला कोणी जोडीदारही नाही. मुनीमजी कितीही सचोटीचे असोत, हा भार त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

जपानच्या टोयोटा कारखान्यात कामगाराच्या डोक्यावरून एक दोरी जात असे. दोष दिसला की कोणत्याही कामगाराने ती ओढायची. दोष जागीच दूर झाला नाही, तर जुळणीची साखळी थांबत असे. ती दोरी बसवायला खर्च फारसा नसावा. अवघड आहे ते पुढचे. दोरी ओढली गेल्यावर तेथे आलेल्या वरिष्ठाचा पहिला शब्द ‘कोणी केले?’ असतो की ‘काय झाले?’ असतो, यावर ती दोरी पुन्हा ओढली जाईल की नाही हे ठरते. आपल्याकडे अनेक दुकानांत तक्रारपेटी असते आणि तिच्यावर धूळही असते.

या धंद्याची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. कापसाच्या बीजोत्पादनात, विशेषतः आंध्र आणि गुजरातमध्ये, लहान मुलींना कामाला लावल्याबद्दल मोठी टीका झाली. कंपनीचा करार शेतकऱ्याशी, शेतकऱ्याचा बोलाचालीचा व्यवहार मजुरांच्या मुकादमाशी, आणि त्या मुली कोणाच्याच कागदावर नाहीत. ‘ती आमची माणसे नव्हेत’ हे उत्तर कायद्याच्या भाषेत काही काळ टिकत असेलही. पण ज्यांच्या बोटांवर मालाची शुद्धता अवलंबून आहे त्यांना आपली माणसे न मानणारा मालक शुद्धतेची हमी कोणत्या तोंडाने देतो? मोठ्या उद्योगांचे सोडा, लग्नाच्या हंगामात रोजंदारीवर घेतलेला हमाल किंवा दिवाळीपुरता आलेला पॅकिंगचा मुलगा याचे नाव तरी मालकाला माहीत असते का?

जालना, देऊळगाव राजा या पट्ट्यात आता मिरची, टोमॅटो, वांगी यांचे बीजोत्पादन शेडनेटमध्ये होते. जाळीमुळे शेजारच्या शेतातून किडे येण्याचा आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या परागाचा धोका बराच कमी झाला. आतील काम मात्र अजून हातांचेच आहे, आणि राहून गेलेली कळी अजूनही आधी मजुराच्याच नजरेस पडते. येत्या दिवाळीला बोनसची पाकिटे भरताना मालकांनी एक वेगळी रक्कम बाजूला काढून पाहावी. वर्षभरात ज्या नोकराने आपली किंवा दुसऱ्याची चूक वेळेवर येऊन सांगितली, त्याच्यासाठी. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती सर्वांसमोर दिली जावी. पहिल्या वर्षी ते पाकीट कोणाला द्यावे असा प्रश्न पडला आणि एकही नाव आठवले नाही, तर दुकानात चुका होत नाहीत असे समजू नये. त्या कोणत्या दाराशी येऊन थांबतात, हे आधी शोधावे.