कृत्रिम पाय दिला, पण तो वापरला जातो का?

गावोगावी कृत्रिम अवयव वाटपाची शिबिरे होतात. किती जणांना पाय बसवले, किती जणांना कॅलिपर दिले, याची बातमी दुसऱ्या दिवशी येते. सहा महिन्यांनी त्यातले किती पाय वापरात आहेत आणि किती खाटेखाली धूळ खात आहेत, याची बातमी सहसा येत नाही. कारण ती मोजदाद फारशी कोणी केलेलीच नसते.

ही मोजदाद कशी करायची, हे शिकवणारा विषय प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्सच्या विद्यार्थ्यांना असतो. प्रोस्थेटिक्स म्हणजे गमावलेल्या अवयवाच्या जागी कृत्रिम अवयव बसवण्याचे शास्त्र. ऑर्थोटिक्स म्हणजे कमजोर किंवा वाकड्या अवयवाला कॅलिपर, पट्टा, ब्रेस यांचा आधार देण्याचे. प्लास्टरचा साचा घेणे, तो घासून आकार देणे, सॉकेट बनवणे यात विद्यार्थ्याचा दिवस जातो. त्यात ‘संशोधन पद्धती’ हा विषय अनेकांना परीक्षेपुरता वाटतो. हा समज रुग्णांना महागात पडतो.

पाठीचा कणा बाजूला झुकण्याचा विकार, म्हणजे स्कोलिओसिस, वाढत्या वयातल्या मुलामुलींना होतो. त्यावर अनेक दशके ब्रेस दिला जात होता, पण तो खरोखर उपयोगी पडतो का, याचा भक्कम पुरावा नव्हता. अमेरिका आणि कॅनडातील 25 केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासाने 2013 मध्ये त्याचे उत्तर दिले. ब्रेस दिलेल्या मुलांपैकी 72 टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण 48 टक्के होते.

यातला 48 हा आकडा विद्यार्थ्याने नीट पाहावा. जवळपास निम्मी मुले ब्रेसशिवायही शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यापासून दूर राहिली. फक्त आपल्याकडे ब्रेस घेणारी मुले पाहणारा तंत्रज्ञ या सगळ्यांचे श्रेय ब्रेसला देईल. तुलनेसाठी दुसरा गट का लागतो, हे यातून जितके कळते तितके व्याख्येतून कळत नाही.

याच अभ्यासात ब्रेसमध्ये तापमान नोंदवणारा छोटा सेन्सर बसवला होता. मुलाला किंवा आईवडिलांना विचारण्याऐवजी ब्रेस खरोखर किती तास अंगावर होता, हे त्यावरून कळले. दिवसाला सरासरी सुमारे 13 तास किंवा अधिक वेळ ब्रेस घालणाऱ्यांमध्ये यशाचे प्रमाण 90 टक्क्यांच्या वर गेले. सहा तासांपर्यंतच घालणाऱ्यांची स्थिती ब्रेस न दिलेल्या मुलांसारखीच होती. ब्रेस ‘दिला’ आणि ‘घातला’ यांत केवढा फरक आहे, हे त्या सेन्सरने दाखवले.

अर्थात, प्रत्येक ठिकाणी असा मोठा अभ्यास होणार नाही. या क्षेत्रात रुग्ण कमी आणि प्रत्येकाची गरज वेगळी. कोणता पाय बसवला आहे, हे रुग्णापासून लपवताही येत नाही. पण एकाच व्यक्तीला दोन प्रकारचे पाय, प्रत्येकाची सवय होण्याइतका वेळ देऊन, आलटून-पालटून वापरायला लावता येतात आणि सहा मिनिटांत ती किती अंतर चालते हे मोजता येते. त्यासाठी घड्याळ, मोजपट्टी आणि वही पुरते.

काय मोजायचे, हेही इथल्या जगण्यावरून ठरायला हवे. जयपूर फूटचा जन्म 1968 च्या सुमारास अशाच निरीक्षणातून झाला. डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्यासमोरचे रुग्ण अनवाणी चालत, जमिनीवर बसत, शेतात राबत. परदेशी बुटांसाठी बनवलेला पाय त्यांच्या कामाचा नव्हता. आजही परदेशी प्रश्नावलीचे नुसते मराठी भाषांतर केले, तर मांडी घालून जेवायला बसता येते का, उकिडवे बसता येते का, चिखलातून बांधावर जाता येते का, हे प्रश्न राहून जाऊ शकतात.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. दाराबाहेर रुग्णांची रांग असताना संशोधनाची चैन कशाला? आधी हाताला वळण लागू द्या. कसब आधी हवे, यात शंका नाही. पण सॉकेट टोचते म्हणून ज्याने पाय काढून ठेवला, तो रुग्ण पुन्हा रांगेत येईलच असे नाही. तपासणीला येतात ते बहुधा पाय वापरणारेच. त्यांच्यावरून निष्कर्ष काढला, तर आपले काम आहे त्यापेक्षा चांगले दिसते. न आलेल्यांचा शोध घेणे हा संशोधन पद्धतीतला पहिल्या काही धड्यांपैकी एक आहे आणि कारागिरी सुधारण्याचा मार्गही तोच आहे.

म्हणून हा विषय वर्गातून कार्यशाळेत आणायला हवा. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः बनवलेल्या काही साधनांचा सहा महिने पाठपुरावा करावा. रोज किती तास वापर, कुठे टोचते, वापर थांबला असल्यास का, एवढे नोंदवावे. फोनवर उत्तर मिळाले नाही, तर तेही लिहावे. शिबिरे घेणाऱ्या संस्थांनी वाटपाच्या आकड्याशेजारी वापराचा आकडा छापावा आणि त्या मोजणीसाठी या विद्यार्थ्यांना सोबत घ्यावे. असा एखादा प्रकल्प केलेला विद्यार्थी पुढचे सॉकेट घडवताना, आधीचे कुठे टोचत होते हे विसरणार नाही.