मांजराच्या पिल्लाला ‘भस्म्या’ होतो का?

पावसाळ्याच्या सुरुवातीला एका सोमवारी सकाळी नऊ वर्षांचा एक मुलगा आजीचा हात धरून दवाखान्यात आला. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दोन बारीक छिद्रे, भोवती लाली आणि सगळ्यावर हळदीचा लेप. घरातल्या मांजराच्या पिल्लाने चावले होते. पिल्लाने त्याच्या ताटातली पोळी ओढली, त्याने ती परत ओढली, त्या झटापटीत दात लागले.

“पिल्लू कसलं डॉक्टर, राक्षस आहे,” आजी सांगू लागल्या. “कितीही घाला, बशी चाटून परत ओरडायला मोकळं. कचऱ्याची बादली उपडी करतं, देवापुढचा दूधसाखरेचा नैवेद्य सोडत नाही. त्याला भस्म्याच झालाय. याचे बाबा कालच पोत्यात घालून मटण मार्केटपाशी सोडून येणार होते. हा रडला म्हणून राहिलं. आता चावलंच, आता नाही ठेवायचं.”

मुलगा काही बोलला नाही. माझ्या टेबलाच्या पायाकडे बघत राहिला.

आधी जखमेचे पाहिले. हळद धुऊन काढली आणि नळाच्या धारेखाली साबण लावून पंधरा मिनिटे घड्याळ लावून हात धुवायला लावला. मांजराचा दात सुईसारखा असतो. वरून जखम एवढीशी दिसते, पण जंतू खोल जातात आणि चोवीस तासांत हात सुजू शकतो. रेबीजची भीती तर असतेच. लस त्याच दिवशी सुरू केली पाहिजे. रक्त आलेल्या चाव्यात जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, म्हणून चिठ्ठी देऊन त्यांना सरकारी रुग्णालयात पाठवले. पण जाण्यापूर्वी आजींना बसवून सांगितले की, काहीही झाले तरी ते पिल्लू आता दहा दिवस घराबाहेर सोडायचे नाही. चावलेले मांजर किंवा कुत्रे दहा दिवस डोळ्यांसमोर धडधाकट राहिले तर चावतेवेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, असे खात्रीने म्हणता येते. लस त्यासाठी थांबवायची नाही, ती चालूच ठेवायची. पण ज्याने चावा घेतला त्यालाच पोत्यात घालून बाजारात सोडले, तर ही माहिती कायमची हातची जाते आणि तेच भुकेले जनावर उद्या दुसऱ्या कुणाच्या पोराला चावते.

मग विचारले, “त्याला खायला काय घालता?”

“काय म्हणजे? दूध-पोळी.”

आपल्याकडे मांजर म्हटले की दूध, हे समीकरण इतके पक्के आहे की त्यावर कुणी दुसरा विचार करत नाही. त्या घरात पिल्लाला सकाळी आणि रात्री छोटी बशीभर दूध आणि त्यात कुस्करलेली पाव पोळी मिळत होती. हिशेब केला तर दिवसाला सव्वाशे कॅलरीसुद्धा भरत नाहीत. पिल्लू तीन महिन्यांचे. त्या वयाच्या आणि किलोभर वजनाच्या पिल्लाला दिवसाला दोनशे कॅलरी तरी लागतात. म्हणजे हे ‘राक्षस’ निम्म्या पोटावर जगत होते आणि उरलेले निम्मे कचऱ्याच्या बादलीतून वसूल करत होते.

वाढीचा वेग आपण लक्षातच घेत नाही. माणसाचे बाळ वर्षभरात जन्माच्या वेळच्या वजनाच्या साधारण तिप्पट होते आणि आपण त्याचे बारसे, उष्टावण, वाढदिवस करून कौतुक करतो. मांजराचे पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास जन्मते आणि तीन महिन्यांत दहा-बारापट होते. वजनाच्या दर किलोमागे त्याला मोठ्या मांजराच्या दोन-अडीचपट अन्न लागते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या आयासुद्धा माझ्याकडे “याला भस्म्या झालाय का” विचारत येतात. एका बैठकीला आठ पोळ्या खाणारा तो मुलगा सहा महिन्यांत चार बोटे उंच झालेला असतो, हे त्यांच्या ध्यानात आलेले नसते. तसेच हे.

पण भूक फक्त कॅलरीची नसते, आणि इथे मला एक कबुली दिली पाहिजे. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझी मुलगी पावसात भिजलेले एक पिल्लू घरी घेऊन आली. आम्हीही त्याला दूध-पोळीच घातली, तीही भरपूर. ते अधाशासारखे खाई. पोट टम्म दिसे. “बघा, कसं बाळसं धरलंय,” असे मीच कौतुकाने म्हणत असे. ते बाळसे नव्हते. बरगड्या मोजता येत होत्या, केस राठ झाले होते आणि पोट तेवढे घागरीसारखे होते. अशी मुले दिवसाला दोन-तीन माझ्यासमोर येत होती आणि त्यांना पाहताक्षणी मी जंताचे औषध लिहून देत होतो. घरातल्या पिल्लाकडे मात्र मी डॉक्टरच्या नजरेने कधी पाहिलेच नाही. चौथ्या महिन्यात जुलाब लागले, उलटीतून दोऱ्यासारखे जंत पडले आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. “बाबा, तुम्ही डॉक्टर आहात ना?” असे मुलीने विचारले. त्यानंतर मी पशुवैद्यक मित्रांना विचारून आणि पुस्तके चाळून जे शिकलो, तेच इथे लिहितो आहे.

पिल्लांना गोल जंत बहुधा आईच्या दुधातूनच मिळतात. म्हणून जंताचे औषध दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, दोन महिन्यांनंतर महिन्याला एकदा असे सहा महिन्यांपर्यंत द्यावे लागते. औषध वजनावर ठरते, ते पशुवैद्यकाने द्यायचे. आपल्या घरातली मुलांची गोळी अंदाजाने मोडून द्यायची नाही. तापाच्या गोळीबाबत तर याहून कडक सांगतो. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखे आहे. ते पचवून बाहेर टाकण्याची सोय त्याच्या यकृतात फारशी नसते, आणि पिल्लाला त्याचा लहानसा तुकडाही पुरतो. हे जंत माणसाच्या मुलांनाही बाधतात, तेव्हा पिल्लाला औषध देणे हे त्याच्याइतकेच आपल्या घरासाठी आहे.

आता दुधाचे. आईचे दूध सुटल्यावर पुष्कळ मांजरांच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारा रस कमी होत जातो. मग गाईम्हशीच्या दुधाने पोट बिघडते, आणि खाल्लेले अंगी लागत नाही म्हणून पिल्लू आणखी मागते. आपण आणखी दूध घालतो. दूध हे पाण्याऐवजीही चालत नाही. पाण्याची वाटी वेगळी हवी.

आणि पोळी? मांजर हा मूळचाच मांसाहारी प्राणी. कुत्रा आपल्याबरोबर राहून भाकरीला थोडाफार सरावला, मांजर सरावले नाही. ‘टॉरिन’ नावाचा एक घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळावा लागतो. तो न मिळाल्यास मांजराच्या डोळ्याचा पडदा निकामी होतो, हे १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. १९८७ साली कॅलिफोर्नियात पॉल पायन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कमतरतेने मांजराचे हृदय फुगून दुबळे होते हे सिद्ध केले, आणि ते वेळीच टॉरिन दिल्यास सुधारते हेही दाखवले. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात ते वाढवण्यात आले. गाजरातून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करण्याची आपली हातोटीही मांजराकडे नाही. म्हणून दूध-पोळीवरचे मांजर जगलेच, तर ते बहुधा शेजारच्या उंदरांच्या आणि पालींच्या कृपेने जगते.

माझे मत इथे थोडे कडवट वाटेल. ज्या घरात अंडेही चालत नाही त्या घराने मांजराचे पिल्लू आणू नये. आचारविचार आपले आहेत, त्यांचा मी आदर करतो. पण ते पिल्लावर लादणे म्हणजे गाईला मासळी घालण्यासारखे आहे. पूर्वी हे खपून जाई, कारण वाड्यात धान्याची कणगी होती, माळ्यावर उंदीर होते आणि मांजर आपले आपण भागवत असे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या बंद घरात ते कशाने भागवणार?

“पोट भरलं तर उंदीर धरणार नाही” हेही पुष्कळ ऐकतो. शिकार करण्याची ओढ आणि पोटाची भूक या मांजराच्या बाबतीत वेगळ्या गोष्टी आहेत. पोटभर जेवलेले मांजरही उंदीर पकडते. अर्धपोटी मांजर फार तर तुमच्या ताटावर झडप घालते, जसे त्या मुलाच्या ताटावर घातले.

मग द्यायचे काय? हल्ली तालुक्याच्या गावातही मांजराच्या पिल्लांसाठीचे पाकिटातले खाद्य मिळते. ‘पिल्लांसाठी’ असे लिहिलेले पाहून घ्यावे आणि वजनानुसार किती द्यायचे याचे पाकिटावरचे कोष्टक वाचावे. कुत्र्याचे खाद्य स्वस्त पडते म्हणून मांजराला घालू नये. तोच रोजचा पाया ठेवून जोडीला उकडलेले अंडे, शिजवून काटे काढलेली मासळी, बिनहाडाचे चिकन द्यावे. एका अंड्यात साधारण सत्तर कॅलरी असतात, शंभर ग्रॅम शिजवलेल्या चिकनमध्ये दीडशेच्या वर. यावरून हिशेब करता येतो. मात्र नुसत्या मटणाच्या तुकड्यांवर वाढवलेल्या पिल्लाला चुना कमी पडतो आणि हाडे इतकी ठिसूळ होतात की खुर्चीवरून उडी मारताना पाय मोडतो. रोज कलेजी घालणेही वाईट, त्यात ‘अ’ जीवनसत्त्व फार होते. कच्ची मासळी नको, शिजवलेली हाडे नकोत, आणि आपल्या रश्श्यातला भात तर अजिबात नको. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. खारवलेले बोंबील म्हणजे मिठाचा मारा.

पिल्लाचे पोट लहान असते. म्हणून चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोनदा, असे वेळ ठरवून द्यावे. ठरल्या वेळी मिळते हे कळले की ओरडणे निम्मे कमी होते. ओरडले की देत गेलात तर ते ओरडायला शिकते, आणि त्याचा दोष पिल्लाकडे नाही. जेवताना ताटातला घास फेकण्याची सवय घरातल्या मोठ्यांनी आधी सोडावी. बहुतेक घरांत ती आजोबांना असते.

पोटभर मिळते आहे की नाही हे बरगड्यांवरून हात फिरवून पाहावे. हलक्या हाताला बरगड्या लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत. दर आठवड्याला वजन करावे. वाण्याचा काटाही चालतो, वाणी तयार असेल तर. भरपूर खाऊनही वजन वाढत नसेल, जुलाब असतील, पोटच तेवढे मोठे असेल, तर तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लसही टोचून घ्यावी आणि पुढे पशुवैद्यक सांगतील तेव्हा पुन्हा टोचावी. मादी चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते आणि दोन महिन्यांत विते. पोत्यांत भरून सोडली जाणारी पिल्ले अशीच जन्मतात. निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करून घ्यावी, आणि त्यानंतर मात्र खाणे हात राखून द्यावे. तेव्हा गरज कमी होते पण भूक वाढते, आणि पुष्कळ मांजरे त्या वर्षात लठ्ठ होतात.

अठ्ठाविसाव्या दिवसाची शेवटची सुई घेऊन तो मुलगा परत दाखवायला आला. अंगठा चांगला भरला होता. पिल्लू शाबूत होते. पहिल्या आठवड्यात जंताचे औषध झाल्यावर काय काय पडले याचे वर्णन त्याने इतक्या उत्साहाने केले की बाहेर बसलेल्या पेशंटनी नाके मुरडली. दप्तरातून गणिताची वही काढून त्याने शेवटचे पान दाखवले. त्यावर दर रविवारचे वजन लिहिले होते: ९००, १०५०, १२००, १३००, १४५०.

अंड्याचे काय केले, असे मी आजींना विचारले.

“मागच्या दारी वेगळी शेगडी मांडली आहे,” त्या म्हणाल्या. “पातेलंही वेगळं. उकडायचं काम याच्या बाबांकडे. मी त्या बाजूला फिरकत नाही.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “आता चारदा मागतं ते ठीक. पण सहा महिने झाल्यावर नक्की दोनदाच ना?”