छटाक, अदपाव आणि आमची पुतणी

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पोरीला कॉम्प्युटरला घाला, काळ त्याचाच आहे." दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात हे वाक्य मीच म्हटलं होतं. पुतणीनं दहावीच्या सुट्टीत एमएस-सीआयटी केलं होतं, टायपिंगचा हात बरा होता, मोबाइल तर घरात सगळ्यांना तीच शिकवायची. तेव्हा बी.एस्सी. माहिती तंत्रज्ञान तिला सहज जमेल, असं मी थोरल्या दिरांना छातीठोकपणे सांगितलं आणि पोरगी जालन्याला गेली.

संक्रांतीनंतर पहिल्या सत्राचा निकाल लागला. दोन विषय राहिले. एक सी भाषेचा आणि दुसरा संख्यापद्धती नि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचा. पोरगी पिशवी घेऊन आष्टीला आली ती जेवेना, बोलेना. (आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली बरं का! बीडची आष्टी वेगळी.) जाऊबाई माझ्याकडे बघत, पण बोलत काही नसत. ते न बोलणंच मला जास्त लागत होतं.

दिरांनी मात्र हिशेब मांडून ठेवला होता. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं. "वर्षाचा कागद घेऊ अन् थांबू. स्थळं यायलीच आहेत," असं त्यांनी जेवताना सांगून टाकलं.

आता यातलं खरं काय, ते आधी सांगते. २०२४-२५ पासून आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांतही हे धोरण आलं. त्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, अशी सोय आहे. पण वर्षाचं प्रमाणपत्र काही नुसतं हजेरी लावून मिळत नाही. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले लागतात आणि वर आणखी ४ श्रेयांकांचं कौशल्याचं काम करावं लागतं. म्हणजे राहिलेले विषय सोडवायचेच आहेत, थांबलं तरी आणि पुढं गेलं तरी! थांबलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं, असंही नियमात आहे. पण मैत्रिणींनो, लग्नासाठी थांबलेली मुलगी तीन वर्षांच्या आत परत वर्गात जाऊन बसल्याची किती उदाहरणं तुमच्या गल्लीत आहेत? माझ्या गल्लीत एकही नाही.

मी दिरांना म्हटलं, "मला उन्हाळ्यापर्यंत वेळ द्या." तोंडातून शब्द तर निघून गेले. पण मी बी.ए. झालेली, शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारी. सी भाषा मी काय शिकवणार, कपाळ!

त्या रात्री तिची वही घेऊन बसले, तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. एमएस-सीआयटी म्हणजे संगणक वापरायला शिकणं. २००१ साली सुरू झालेल्या त्या अभ्यासक्रमानं गावोगावच्या मुलींना संगणकासमोर बसवलं, हे त्याचं मोठंच काम. पण पदवीच्या पहिल्या वर्षाला वापरणं शिकवतच नाहीत. यंत्र मोजतं कसं आणि त्याला काम कसं सांगायचं, ते शिकवतात. गाडी चालवता येणारीला गॅरेजात उभं केल्यासारखं झालं ते. आपण घरच्यांनी तिला हे सांगितलंच नव्हतं, आणि तिला वाटत होतं आपणच मठ्ठ.

पहिला अडसर होता द्विमान पद्धतीचा. यंत्राला १ आणि ० दोनच अंक कळतात आणि सगळ्या संख्या त्यातच लिहायच्या. "काकू, तेरा म्हणजे ११०१ कसं काय? डोक्यात शिरंनाच गेलंय," असं म्हणून ती रडकुंडीला आली.

आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. त्यातली जुनी लोखंडी मापं अजून आमच्या माळ्यावर आहेत. त्या शेंगा निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "तेरा काय? तेरा छटाक?" आणि बोटांवर मोजून म्हणाल्या, "अच्छेर, पावशेर अन् छटाक. अदपाव नको."

मी बघतच राहिले. तुमच्यातल्या तरुण मुलींसाठी सांगते. मेट्रिक वजनं यायच्या आधी, म्हणजे १९६० च्या आसपासपर्यंत, शेराचा हिशेब असा होता: १६ छटाकांचा शेर, ८ छटाकांचा अच्छेर, ४ छटाकांचा पावशेर आणि २ छटाकांचा अदपाव. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. १३ छटाक तोलायचे तर अच्छेर ठेवला, पावशेर ठेवला, अदपाव नाही ठेवला, छटाक ठेवला. ठेवलं तिथं १, नाही ठेवलं तिथं ०. झालं की ११०१!

पोरीनं माळ्यावरून मापं काढली, पुसली आणि रात्री अकरापर्यंत आजी सांगेल तेवढे छटाक तोलत बसली. छटाक ते शेर या पाच मापांत १ ते ३१ पर्यंतचं कुठलंही वजन तोलता येतं, हे तिचं तिनंच शोधलं. सासूबाईंना वाटलं, कॉलेजात अजून शेराचाच हिशेब चालतो. त्यांना तसं वाटू दिलं आम्ही.

दुसरा अडसर होता लूपचा. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायची सूचना. पहिल्या वर्षाला हमखास विचारतात, की चांदण्यांचा त्रिकोण छापा. पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, असं पाचव्या ओळीत पाच. त्यासाठी एका लूपच्या पोटात दुसरा लूप घालावा लागतो आणि तिथं तिची गाडी अडायची. मी तिला अंगणात नेलं आणि हातात रांगोळी दिली. ठिपके काढताना आपण काय करतो? ओळीतले ठिपके मोजून टाकतो, ओळ संपली की हात खाली आणतो आणि पुन्हा मोजायला लागतो. ओळी मोजायचा लूप बाहेरचा, ठिपके मोजायचा आतला. ती म्हणाली, "काकू, हात खाली आणायची सूचनाच मी लिहीत नव्हते. म्हणून माझ्या पंधराच्या पंधरा चांदण्या एका ओळीत यायल्या होत्या." मला त्यातलं अर्धंच कळलं, पण तिचा चेहरा बघून बरं वाटलं.

तिसरी गोष्ट मी काहीच न करता झाली. दोन विषयांच्या गुणांची सरासरी काढायचा प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. गुण ३५ आणि ४०. उत्तर ३७ येई. साडेसदतीस काही येईना. मी म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही. तू मला ओळीओळीनं सांग, मी भाकरी करता करता ऐकते." ती सांगू लागली. "हा डबा पूर्णांकाचा, हाही पूर्णांकाचा, बेरीज ७५, भागिले २..." आणि मध्येच थांबली. दोन्ही संख्या पूर्णांक असल्या की सी भाषा भागाकारातला अपूर्णांक टाकून देते. २ च्या जागी २.० लिहिलं आणि उत्तर नीट आलं. मी फक्त "हं, मग?" एवढंच म्हणत होते. मोठ्यानं सांगताना चूक आपली आपल्याला दिसते. आपण मैत्रिणीला हिशेब सांगताना नाही का मध्येच जीभ चावतो!

"पण इंग्रजीचं काय?" असं तुम्ही विचाराल. मराठी माध्यमातल्या मुलींचा निम्मा धीर तिथंच खचतो. पण १९७२ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवलेल्या या सी भाषेच्या पहिल्या प्रमाणित रूपात राखीव शब्द अवघे ३२ आहेत. स्वयंपाकघरातले डबे याहून जास्त असतील. आणि तिचं जगभर गाजलेलं 'लेट अस सी' हे पुस्तक लिहिलं ते आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी. राहता राहिलं यंत्र, तर त्याला इंग्रजीही कळत नाही आणि मराठीही. त्याला सगळे आकडेच. युनिकोड नावाच्या जागतिक पद्धतीत आपल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक दिलेला आहे. आपण 'आष्टी' लिहितो, तेव्हा यंत्र २३१०, २३५९, २३८१, २३३५, २३६८ असे पाच क्रमांक ठेवतं. आ, ष, पायमोडकं करणारं हलन्त, ट आणि दीर्घ वेलांटी. पुतणीनं हे क्रमांक काढून कागदावर लिहिले आणि तो कागद देवघराशेजारी चिकटवलाय.

दिरांचं आणखी एक म्हणणं होतं, की हे काम मुलींच्या डोक्याचं नाही. त्यांना मी १९४६ ची गोष्ट सांगितली. अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनिअॅक नावाचं खोलीभर मोठं गणकयंत्र बांधलं होतं. त्याला काम कसं सांगायचं हे बसवलं सहा तरुणींनी: कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. काम युद्धकाळातलं आणि गुप्त, म्हणून सुरुवातीला त्यांना यंत्राच्या खोलीत प्रवेशसुद्धा नव्हता. नुसत्या जोडणीच्या नकाशांवरून त्यांनी ते यंत्र समजून घेतलं. दिरांनी ऐकून घेतलं आणि "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे बरंच असतं!

मलाही त्या गोष्टीनं एक शिकवलं. घरी संगणक नाही, वीज जाते, म्हणून अभ्यास अडत नाही. प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, एकेक ओळ आपणच यंत्र होऊन चालवायची आणि प्रत्येक डब्यात त्या वेळी कुठला आकडा आहे ते शेजारी लिहायचं. मग शनिवार-रविवारी घरी लिहिलेलं सोमवारी कॉलेजात यंत्रावर चालवून बघायचं.

ज्यांच्या मुली यंदा या वाटेनं जाणार आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते.

प्रवेशाआधी नाव नीट वाचा. बी.सी.ए. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आली आणि तिच्यासाठी राज्याची सीईटी सुरू झाली. बी.एस्सी. संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञानाची गोष्ट वेगळी. दोन्हींत पहिल्या वर्षाचे विषय बरेचसे सारखे असले तरी अर्जाची वाट निराळी.

फीबद्दल विचारा. २०२४-२५ पासून राज्यानं व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून जाणाऱ्या मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. ही सवलत आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींसाठी आहे आणि त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असावं लागतं. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे पैसे भरण्याआधी कॉलेजात विचारा. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

पहिल्या महिन्यातच मुलीला विचारा, "काय कळलं नाही?" "काय शिकलीस?" असं विचारलं तर ती "सगळं" म्हणेल. आमची तसंच म्हणायची आणि आम्ही खूश व्हायचो.

आणि संध्याकाळचा एक तास तिला द्या. या तासात तिला पाणी भरायला, दुकानात, दळण आणायला पाठवायचं नाही. तिनं बोलायचं आणि आपण काम करता करता ऐकायचं. आपल्याला कळलं नाही तरी चालतं.

उन्हाळ्यात पुतणी पुन्हा परीक्षेला बसली. द्विमानाचा विषय चांगल्या गुणांनी सुटला. सी भाषेत ३ गुण कमी पडले. निकाल बघून घरात सगळे गप्प. मीसुद्धा. तेव्हा ती स्वतःच वडिलांना म्हणाली, "बाबा, मागच्या वेळी कुठं चुकलं ते कळत नव्हतं. आता कळतंय. परत बसते."

दीर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंगण झाडत होते, तर ते पिशवी हातात घेऊन पोरीबरोबर निघालेले. मी विचारलं, "कुठं निघालात?" म्हणाले, "तिला परतूरला गाडीत बसवून येतो. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायची आज मुदत आहे म्हणं."

स्थळांचं त्यांनी काही काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.