काचकुंडातील मिश्र थवा : एक विचार

गेल्या माघ महिन्यात मोहोरावरील तुडतुड्यांची पाहणी करण्यासाठी मालवण तालुक्यातील एका आंबा बागायतदारांकडे जाण्याचा योग आला. या गृहस्थांनी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या असून, ओटीवर खाऱ्या पाण्याचे मोठे काचकुंड हौसेने मांडले आहे. दिवाळीत त्यांनी त्यात बारा निळसर-हिरवे क्रोमिस, पाच केशरी अँथियस आणि चार काळ्या पट्ट्यांचे डॅसिलस असे एकदम एकवीस मासे सोडले होते. मी गेलो तेव्हा क्रोमिस एकच उरला होता, अँथियस एकही नव्हता. डॅसिलस मात्र चारही धष्टपुष्ट होते. "साहेब, पाणी तपासतो, खाणे वेळेवर देतो. मग मासे गेले कुठे?" असे त्यांनी विचारले.

मासे विकणाऱ्याने त्यांना सांगितले होते की, तळ्यात जसे कटला, रोहू व मृगळ एकत्र वाढतात, तसेच थव्याने राहणारे हे मासेही एकत्र राहतील. आपल्या गावोगावच्या कार्यकर्त्यांनाही हा दाखला पटण्यासारखा आहे, म्हणूनच त्याचा विचार करणे अगत्याचे वाटते. माझ्या मते हा दाखला येथे मुळातच गैरलागू आहे.

तळ्यातील मिश्र संवर्धन यशस्वी होते ते मासे भिन्न जातींचे असतात एवढ्यामुळे नव्हे, तर त्यांचे थर व अन्न भिन्न असते म्हणून. कटला पृष्ठभागालगतचे सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाचा कुजका अंश खातो. ज्वारीत तूर घेण्यामागील तत्त्वही याच जातीचे आहे. उलटपक्षी क्रोमिस, अँथियस व डॅसिलस हे तिघेही प्रवाळाच्या आसऱ्याला राहून वरून वाहत जाणारे सूक्ष्म प्राणी टिपतात. थर एक, अन्न एक, आसराही एक. अशा तिघांना एका कुंडात कोंडणे म्हणजे एकाच खोलीवर मुळे पसरणारी तीन पिके एका सरीत दाट पेरणे होय.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, थवा म्हणजे स्नेहसंमेलन नव्हे. प्रवाळावर हे मासे एकत्र येतात ते मुख्यतः मोठ्या माशांच्या भीतीने. कुंडात शत्रू नसतो. भीती संपली की थवा विस्कटतो आणि उरते ती केवळ उतरंड. सर्वांत बलवान मासा सर्वांत दुर्बलाचा पिच्छा पुरवितो, तो मेला की पुढच्याचा. समुद्रात हरलेला मासा शेजारच्या प्रवाळझुडपाकडे निघून जातो. कुंडात शेजारचे झुडूपच नसते. डॅसिलस या बाबतीत विशेष दांडगा. अँथियसची गत निराळी. त्यांच्यात एका नराभोवती अनेक माद्या असतात आणि नर नाहीसा झाल्यास सर्वांत मोठी मादीच नर बनते. या माशांना दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे खाणे लागते. दिवसभर बागेत राबणाऱ्या माणसाने हा जिन्नस घेऊच नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

मग थवा ठेवूच नये काय? ठेवावा, पण एकाच जातीचा. पाच फूट लांब, दीड फूट रुंद व दोन फूट उंच कुंडात सुमारे ४२५ लिटर पाणी मावते. त्यात सारख्या आकाराचे सात-आठ लहान क्रोमिस एकाच दिवशी सोडावेत. (भरल्यावर पाण्याचेच वजन सव्वाचारशे किलोच्या वर जाते, ओटीवरचे लाकडी मेज त्याला पुरत नाही.) तरीही काही मासे कमी होणारच, हे घेणाऱ्यास आधी सांगावे. जोडीला तळाशी वाळू चाळणारा गोबी आणि क्लाऊनफिशची एक जोडी, म्हणजे थर व खोड वेगळी असलेले मासे, पुरेत. क्रोमिसला उरोनेमा नावाच्या सूक्ष्म परजीवीची बाधा वारंवार होते. म्हणून नवे मासे चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत.

पाण्याविषयी थोडेच सांगतो. मिठागरातील मीठ चालत नाही, कारण त्यात समुद्राचे इतर क्षार योग्य प्रमाणात नसतात. खाडीचे पाणी पावसाळ्यात गोडे होते. माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू आधी कुंडात स्थिरावले पाहिजेत. हेच काम जमिनीतील जिवाणू आपल्या शेतात करीत असतात, तेव्हा शेतकऱ्यास हे समजावणे अवघड नाही.

शोभेसाठी जिवंत प्रवाळ समुद्रातून तोडून आणणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. मासेही शक्यतो पैदास केंद्रातील घ्यावेत; क्लाऊनफिश व डॅमसेल गटातील काही जातींची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साध्य केली आहे. प्रवाळावरून धरलेले सोळा मासे तीन महिन्यांत संपणे हे केवळ बागायतदाराच्या खिशाचे नुकसान नव्हे.

या बागायतदारांनी चारही डॅसिलस दुसऱ्या एका हौशी गृहस्थांस देऊन टाकले. एकटा उरलेला क्रोमिस अजून कुंडात आहे. वादळी पावसात वीज जाते व हवेचा पंप बंद पडतो. म्हणून बॅटरीवर चालणारा पंप बसविल्यावाचून नवा मासा आणावयाचा नाही, असे आमचे ठरले आहे.